मोठं जेट

ता. ४ मार्च

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

तुम्ही घर सोडून गेलात त्याला दोन महिने होत आले. सासूबाई आणि मी, दोघी ठीक आहोत. म्हणजे जेवतो, झोपतो. तुमच्या खोलीतला पंखा अजून कुरकुरतो. घरात मेकॅनिक असून ही तऱ्हा, असं म्हणून हे हसायचे.

काल ह्यांच्या शर्यतीच्या टीममधला टायरवाला भेटून गेला. जाताना जिन्यात थांबून म्हणाला, शर्यतीच्या सकाळी तुम्ही चहाला गेलात तेव्हा ह्यांनी गाडीतल्या नायट्रस गॅसच्या नळीत स्वतःच काहीतरी बदललं. खरं का? ह्यांच्या अंत्यसंस्काराला सासूबाईंनी सगळ्यांसमोर, तुझ्या गॅसने माझा मुलगा खाल्ला, असं सुनावलं आणि तुम्ही मान खाली घालून उभे राहिलात. मला खरं काय ते कळवा. काहीही निघालं तरी माझी माया कमी व्हायची नाही.

तुमची,
वहिनी

ता. ११ मार्च

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

सवयीने ‘सौ.’ लिहून गेलो, म्हणून हा दुसरा कागद.

टायरवाला म्हणाला ते खरं. नायट्रसमुळे इंजिनाला जास्त ऑक्सिजन मिळतो, मग पेट्रोलही त्या मापात वाढवावं लागतं. त्यासाठी दोन जेट असतात, बारीक भोकाचे पितळी तुकडे. एक गॅसचं, एक पेट्रोलचं. मी जोडी जुळवून बसवली होती. दादाला आणखी जोर हवा होता, मी नाही म्हटलं. त्याने गॅसचं मोठं जेट घातलं, पेट्रोलचं तेच ठेवलं. पेट्रोल कमी पडून इंजिन भलतंच तापलं, पिस्टन वितळला, तेल चाकांखाली आलं आणि गाडी भिंतीवर गेली. अंत्यसंस्काराच्या दिवशी मलाही हे ठाऊक नव्हतं, आपलंच काही चुकलं असंच वाटत होतं. इंजिन उघडलं तेव्हा कळलं.

आईला सांगू नका. तिच्यापाशी दादाचं कौतुकच तेवढं उरलंय, ते कशाला हिसकावून घ्यायचं? राग माझ्यावरच राहू दे. मी शर्यतीचं काम सोडलं. आता ट्रक दुरुस्त करतो, ते बरे असतात, कुणाला घाई नसते.

तुमच्या मायेतला,
धाकटा

ता. १९ मार्च

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

तुमचं ऐकलं नाही. सासूबाईंना सांगितलं. ह्यांची चूक माझ्याच तोंडाने सांगायची म्हणजे जीव नको झाला. त्या ह्यांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या ह्यांच्यावर चिडूनच. एवढा शहाणा होता, तर धाकट्याला विचारायला काय झालं होतं, म्हणाल्या. आणि मग रडल्या. हे गेल्यापासून पहिल्यांदाच.

तुम्हाला बोलवा असं म्हणाल्या नाहीत, खोटं कशाला लिहू? पण जेवायला बसल्यावर हातातला घास तसाच धरून त्यांनी विचारलं, तो तिकडे वेळेवर जेवतो का? तेवढं त्यांनाच कळवा. रोज टपालाच्या वेळी दाराशी येऊन उभ्या राहतात.

आम्हा दोघींना परकं करू नका.

तुमची,
वहिनी