भागूबाईची गोष्ट

३ फेब्रुवारी
निश्चय. आजपासून मुलांना रात्री मी झोपवणार. मोबाइल बंद, टीव्ही बंद. फक्त माझ्या लहानपणच्या गोष्टी. ही पुस्तकातून वाचून दाखवते. जगलेला माणूस घरात असताना पुस्तक कशाला? हिला तसं सांगितलं. म्हणाली, बघ, आठवडाभर तरी टिकतंय का. टोमणा गिळला. टिकणार.

४ फेब्रुवारी
झाडावरून पडलो ती गोष्ट. मोठी आठ वर्षांची. तिने विचारलं, हेल्मेट का नव्हतं घातलं? छोटू, वय पाच, झाडावर चढायच्या आधीच झोपला. आवाजात काहीतरी आहे माझ्या.

६ फेब्रुवारी
शाळेत मैलोन्‌मैल चालत जायचो ती गोष्ट. मोठी म्हणाली, आजी तर म्हणते शाळा घरासमोरच होती. आजीला हल्ली नीट आठवत नाही असं सांगितलं. दोघांनी आईला हाका मारल्या.
फरशांच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकापुढेही डोक्यात गोष्टीच. कॅशियर कानाशी येऊन म्हणाला, साहेब, ते बाथरूमची फरशी मागतायत, तुम्ही किचनची दाखवताय. त्याला मुलं नाहीत. त्याला काय कळणार.

९ फेब्रुवारी
हिट!
भागूबाई म्हणजे माझा धाकटा भाऊ. अंधाराला भ्यायचा, म्हणून हे नाव मीच ठेवलं. भीती घालवायला मी त्याला गाद्यांच्या कपाटात घालून कडी लावायचो. शंभरपर्यंत मोज, मग उघडतो, असं सांगून खेळायला जायचो. पोरगा इतका प्रामाणिक, की आकडा चुकला तर पुन्हा एकपासून. आज तो शाळेत गणित शिकवतो. पाया कोणी घातला?
छोटू टक्क जागा. पहिल्यांदाच. मग काका बाहेर कसे आले, म्हणून विचारलं. मी उघडलं ना, म्हटलं.

१० फेब्रुवारी
छोटूने तीच गोष्ट मागितली. कोणती रे, कोणती, असं हिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने दोनदा विचारून घेतलं. मोठी मात्र म्हणाली, बाबा, तू थापा मारतोस, फोटोत काका केवढा उंच आहे.
ठीक. साक्षीदारच हजर करतो. भागूबाईला फोन केला. उचलला नाही. बिझी असतो. गेली काही वर्षं बिझी आहे. मग हिच्या फोनवरून केला. पहिल्या रिंगला उचलला. मुलं तुझी फार आठवण काढतात, म्हटलं. यात खोटं काही नाही. रविवारी जेवायला येतोय.

१६ फेब्रुवारी, रविवार
भागूबाई आला. मुलांना कोडी घातली. छोटू त्याच्या खांद्यावरून उतरेना. मी वेळ बघत होतो.
जेवणानंतर सगळे मुलांच्या खोलीत. गोष्ट सुरू केली. काय रंगली! भागूबाई स्वतःच्या पायांकडे बघत होता. छोटूने आपल्या कपड्यांचं कपाट उघडलं आणि म्हणाला, काका, बसून दाखव ना. तो म्हणाला, नको रे राजा. मी म्हटलं, पोरांसाठी एवढंही नाही करणार? अजून तसाच का रे भागूबाई? मोठी खळखळून हसली. माझ्या विनोदाला ती सहसा हसत नाही.
पण खेळ अडला. मग मीच छोटूला उचलून आत बसवलं. खाली स्वेटर होते, मऊ. शंभरपर्यंत मोज म्हटलं आणि दार लावलं.
छोटू सातपर्यंत पोचला आणि भागूबाईने दार उघडलं. मला ढकलून. छोटूने त्याच्या गळ्याला मिठी मारली ती सोडेचना. मी म्हटलं, अरे, मी उघडणारच होतो. तर म्हणाला, दादा, तू एकदाही उघडलं नाहीस. आई कामावरून आली की उघडायची. त्याने आवाज चढवला नाही. मुलांसमोर निदान तेवढं भान ठेवलं.
ही दारातच उभी होती. त्याला जिन्यापर्यंत सोडायला तीच गेली.
लहान होता तेव्हा. तपशिलात गल्लत होणारच.

१७ फेब्रुवारी
छोटू गोष्ट नको म्हणतो. कपाट सताड उघडं टाकून झोपतो. ही म्हणाली, काही दिवस तू राहू दे. बरंच झालं. घसा बसलाय.

२२ फेब्रुवारी
भागूबाई संध्याकाळी हिच्या फोनवर मुलांशी बोलतो. मी गेलो की मोठी म्हणते, बाबा, जरा बाहेर हो ना. फोन मी चार्ज करून ठेवतो. शेवटी हा सगळा योग जुळवून आणला कोणी?

२ मार्च
ही मैत्रिणीकडे गेली आहे. संधी चालून आली. नवी गोष्ट तयार केली होती, नदीत उडी मारतो ती. खोलीच्या दाराशी पोचलो तर मोठी सांगत होती आणि छोटू ऐकत होता. पॅसेजमधल्या स्टुलावर बसलो, ते करकरलं.
भागूबाईची गोष्ट. पण तिच्या गोष्टीत त्याला भागूबाई म्हणत नाहीत. तो फक्त मुलगा. दुसरा एक वाईट मुलगा आहे, तो कडी लावतो. अंधाराचं वर्णन तिने फार छान केलं. कुठून आलं कळेना, मी तर कधी केलं नव्हतं.
छोटूने विचारलं, मग त्या वाईट मुलाचं काय झालं?
ती म्हणाली, काही नाही. तो मोठा झाला. बाहेर बसलाय.
छोटूने दबक्या आवाजात विचारलं, तो आत येईल?
मी स्टूल न वाजवता उठलो. आता कुठे डोळा लागत असेल पोराचा.