तालमीच्या जोरावर

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. काल मोताळ्याच्या आपल्या शाळेत अभिनयावरचं तुमचं निवेदन भिंतीवर लावलं, खाली तुमची लांब शेपटीची सही. वाचून दाखवायला मला बोलावलं होतं, कारण तुमच्या विद्यार्थ्यांत नाटकात टिकलेली मी एकटीच. नटानं घरचं दुःख रंगमंचावर आणू नये, अश्रू सरावातून यावेत, श्वास कुठं रोखायचा आणि वाक्य कुठं तोडायचं याच्या सरावातून, असं तुम्ही लिहिलंय. पुढे दाखला माझाच : स्पर्धेत माझी विद्यार्थिनी रडली ती निव्वळ तालमीच्या जोरावर.

तो दिवस तुम्ही विसरला नसाल. बुलढाण्याचं सभागृह, दुपारचा प्रयोग. तालमीत नाटकातला बाप मरतो तिथं माझे डोळे कोरडेच राहायचे आणि तुम्ही चिडायचात, "दगड हायेस का व तू?" मी विंगेत उभी आहे, आता शिरायचंच आहे, आणि तुम्ही माझा दंड धरून म्हणता, "तुह्या बापाच्या गाडीले घाटात अपघात झाला. दवाखान्यात नेलं त्याईले. एवढा प्रवेश कर, मंग जाऊ." बाबा एसटीचे ड्रायव्हर, रोज त्याच घाटातून गाडी नेणारे. मी आत गेले. काय बोलले, आजही आठवत नाही.

पडदा पडल्यावर अनवाणीच बाहेर धावले, तर बाबा खाकी कपड्यांत दारात उभे. माझं नाटक पाहायला ड्यूटी बदलून आलेले. "काऊन रडून राह्यली व माय? लय मस्त केलं तू!" मागून तुम्ही हसत आलात. "आज झाली तू नटी." बाबांनी तुमचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांना मी कधीच काही सांगितलं नाही. तुमच्याविषयी ते फार आदरानं बोलायचे.

खोटं बोललात, ते बक्षिसाच्या ओढीनं, असं म्हणून मी कदाचित सोडून दिलं असतं. पण नंतर तुम्ही घरी शांतपणे बसून ते निवेदन लिहिलंत, त्यात मला घातलंत आणि खाली सही केलीत. ते गिळता येत नाही, सर. बाबा म्हातारपणी खरोखर गेले, तेव्हा भावाचा फोन आला. मी म्हणाले, "खोटं बोलू नको." तो हमसून रडत होता आणि मी, कुणीतरी मागून हसेल म्हणून थांबून राहिले होते.

काल वाचून झाल्यावर एका मुलीनं विचारलं, "म्याडम, तवा तुमाले रडू कसं आलं?" मी सगळं सांगून टाकलं. तुमचा मुलगा पहिल्या रांगेतून उठला. "गेलेल्या माणसाचं काऊन काढता आता?"

"त्यांनी सही करून ठेवलंय म्हणून," मी म्हणाले. तो निघून गेला.

मुलगी उभीच होती. "मंग आमी शिकाचं कसं?"

मी तिला जवळ घेऊन श्वास कुठं रोखायचा, वाक्य कुठं तोडायचं ते दाखवलं. दोनदा चुकलं, मग तिला जमलं.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. फक्त एक कबूल करते. तिला जे शिकवलं, ते तुमच्या निवेदनातलंच होतं, जवळपास शब्दाला शब्द. त्याहून खरं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.