साडेसहाचा बझर

१० फेब्रुवारी, सोमवार

काष्टीच्या डेअरीत आमचा कंट्रोल बोर्ड बसला!

दुधाच्या टाकीची ढवळणी आता आमची ऑपरेटिंग सिस्टीम फिरवणार. आमचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आजवर वेळ अंदाजाने मोजायचं – प्रोसेसरवर काम वाढलं की मागे पडायचं. आता चिपमधला हार्डवेअर टायमर ठोके देणार. तो भाग धनश्रीने लिहिलाय. पोरगी हुशार, पण प्रोबेशनवर. मी नुसती तपासणार. नुसती!

बोर्ड दर अर्ध्या तासाला बझर वाजवेल. डेअरी सांभाळणारे कचरूमामा भिंतीवरचं घड्याळ बघून वहीत वेळ लिहितील.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मामांनी वहीचा फोटो पाठवला. दुपारी सगळं बरोबर. सकाळी साडेसहाचा बझर – सहा चाळीस! संध्याकाळीही तेच. नेमकं दूध येतं तेव्हा! म्हणजे बोर्डाला जोडलेला वजनकाटा सुरू झाला की ठोके हुकतात. पण मग दुपारी पुन्हा जागेवर कसा येतो? डोकं चालेना.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

धनश्रीने दिवसभर टेबलावर चालवून दाखवलं. "ताई, एकसुद्धा ठोका हुकत नाही. बघा ना तुम्हीच." मी म्हटलं, मग वही खोटं बोलते का? रडवेली झाली. मलाच भीती – तपासणीच्या कागदावर सही माझी आहे. डबा तसाच परत आणला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सोमवारी चाळीस गावांना बोर्ड जायचेत. साहेबांनी विचारलं, "चूक कुणाची?"

टायमर धनश्रीचा, मी म्हणाले. एवढंच. खोटं काय त्यात?

साहेबांनी तिला आत बोलावून कामावरून काढलं. बाहेर आली ती पर्स उचलून सरळ जिना उतरली. माझ्याकडे बघितलंही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

राहवेना. दुपारची एसटी धरून काष्टी गाठली. संध्याकाळी डेअरीत शिरले, तर मामा स्टुलावर चढून घड्याळाचा काटा फिरवतायत!

"आगं प्रज्ञे, लोकं लई उशिरा येत्यात. टँकर थांबतोय व्हय? दुधाच्या टायमाला धा मिन्टं फुडं करायचं, दूध झालं की जाग्यावर. समद्या गावाला ठावं हाय!"

बझर वाजला. मोबाईलवर बरोब्बर साडेसहा. भिंतीवर सहा चाळीस.

मला रडूच आलं. मामा म्हणाले, "आगं, घड्याळापायी कुनी रडतं व्हय?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

टायमर बरोबर आहे, सांगितलं. साहेब खूश. चाळीसही बोर्ड रवाना झाले. धनश्रीला परत बोलवायचं त्यांनी नाव काढलं नाही. मीही नाही.