जायफळची तब्येत

४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. चार ओळी होत्या. दोन हवेबद्दल, एक कामाबद्दल आणि एक सहीची. तिकडे शाईचं दुर्भिक्ष असेल तर कळव, इकडून बाटली पाठवते.

पत्रास कारण आपली जायफळ. बाबा गेल्यावर गाडी विकली तेव्हा घोडी तेवढी ठेव, मी येऊन-जाऊन बघेन, असं तूच म्हणाला होतास. त्यातलं 'जाऊन' तेवढं तू मनावर घेतलंस. असो. घोडी आता म्हातारी झाली. गवत तोंडात घोळवत बसते आणि ओला बोळा करून खाली टाकून देते. सकाळी तबेला झाडताना असे बोळेच बोळे निघतात. गवत झटकलं की ढास लागते ती वेगळीच. मी पडले कपडे शिवणारी, जनावराचं मला काय कळतं? काय करायचं ते सविस्तर लिही. सविस्तर म्हणजे चार ओळींपेक्षा जास्त.

शिवणयंत्र अजून खिडकीशीच आहे. मान वर केली की तबेल्याच्या अर्ध्या दारावर तिचं तोंड दिसतं. दोघी एकमेकींकडे बघत दिवस काढतो. तू आलास तर ती तुला ओळखेल, असं मी म्हणते. शेजारीण म्हणते, आधी येऊ तर दे.

सवड मिळाली की ये. घाई नाही.

माझी माया आहेच, तुझी असू दे.
तुझी ताई


१३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टोमणा पोचला. शाई भरपूर आहे, आता भोग.

बोळे टाकते म्हणजे दातांचं दुखणं. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि झिजत राहतात. म्हातारपणी ते वाकडेतिकडे झिजतात आणि कडा गालाला टोचतात. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलाव आणि दात कानशीने घासून घे. खरं तर हे वर्षातून एकदा व्हायलाच हवं होतं. ढाशीवर औषध नको. गवत पाण्यात बुडवून, निथळून घाल, म्हणजे धूळ उडणार नाही. तबेल्याची वरची झडप उघडी ठेव. थंडी वाजेल म्हणून कोंडू नकोस, घोड्याला थंडीपेक्षा कोंडलेली हवा वाईट. नालबंदाला दीड-दोन महिन्यांनी बोलावतेस ना? खुर रोज उचलून, कोरून साफ करायचे आणि वास घ्यायचा. कुजका वास आला तर लगेच कळव. धनुर्वाताची लस यंदा राहिली असेल तर डॉक्टरीणबाईंकडून त्याच खेपेला टोचून घे.

मी इथल्या पागेतल्या शिकाऊ पोरांना सारखं सांगत असतो, की आजारी जनावरामागे धावणं ही आपली शेवटची पायरी. खरं काम रोज बघण्याचं. आज कसं उभं आहे, किती प्यालं, लीद कशी पडली. जे रोज बघतात त्यांना आजार चुकवून आत शिरू शकत नाही.

इथे आता शिंगरांचा हंगाम सुरू होईल. त्या दिवसांत मला पागेबाहेर पाऊल टाकता येत नाही. हंगाम संपला की नक्की येतो. तबेल्यावरच्या माझ्या खोलीत रात्रभर घोड्यांचे पाय वाजतात, पण तुझ्या यंत्राची टकटक नसली की झोप लागत नाही हे अजून तसंच आहे.

तुझ्या मायेवरच चाललंय, ती कमी करू नकोस.
तुझा धाकटा


२ फेब्रुवारी

चि. घोडेडॉक्टरास,
अ. उ. आ.

चांगली तीन पानं! मी ती दोनदा वाचली, आणि एकदा शेजारणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, भावाला घोडीची किती काळजी. मी म्हटलं, हो ना.

दात घासून झाले. कानशीचा आवाज ऐकून माझेच दात शिवशिवले, पण तुझी लाडकी पुतळ्यासारखी उभी राहिली. बाईंनी लसही टोचली. आता बोळे बंद झाले आणि गवत भिजवल्यापासून ढासही गेली.

पण तिचं काहीतरी बिनसलंय रे. दोन घास खाल्ले की तोंड फिरवते. अंगाने वाळत चाललीये. झूल इतकी सैल झाली की दोन्ही बाजूंच्या शिवणी मला आत घ्याव्या लागल्या. विहिरीपासून अंगणापर्यंत यायचं तर मध्ये थांबते आणि धापा टाकते. पूर्वी हीच वाट किती वेळा व्हायची! बाईंना पुन्हा बोलवायला नको वाटतं. म्हातारपण म्हणतील, दुसरं काय. म्हणून तुलाच विचारते.

इथे बाकी सगळं ठीक. माझं काय, मी आपली आहे तशी. सवडीने ये, घाई नाही.

लिहीत जा. लिहिलंस की बरं वाटतं.
तुझी ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जिवाला घोर लागला. म्हातारपण हा काही रोग नव्हे. दात नीट असताना घोडी वाळते म्हणजे आत काहीतरी आहे. मी सांगतो ते करून लगेच कळव.

एक. बाबांची दोरी तबेल्यात खुंटीला असेल. थंडी सरत आली की बाबा ती तिच्या छातीभोवती टाकून दोन गाठी एकमेकींना भिडतात का बघायचे, आठवतं? भिडल्या की घोडी ठीक. ती दोरी लाव आणि गाठींमध्ये किती बोटं अंतर पडतंय ते लिही. दुसरं, तिचा वरचा ओठ उचलून हिरडी अंगठ्याने दाब. पांढरा ठिपका उठेल. दोनदा 'जायफळ' म्हणेपर्यंत तिथे गुलाबी रंग परत यायला हवा. हिरडी मुळातच फिकी असेल तर रक्त कमी झालंय असं समज. लीद दवाखान्यात तपासायला दे, जंत आहेत का ते कळेल. न तपासता जंताचं औषध मात्र पाजू नकोस. पाणी कोमट करून ठेव, थंडीत घोडी पाणी कमी पिते आणि मग पोट धरतं.

तिचा जन्म झाला तेव्हा तू कंदील धरला होतास आणि तुझा हात इतका हलत होता की बाबा तुलाच रागावले होते. मी तिचं नाव ठेवलं, तू तिची पहिली झूल शिवलीस. ताई, तिला काही झालं आणि मी इथे परक्यांच्या घोड्यांपाशी असलो, तर ते मला सोसणार नाही. लवकर लिही.

जीव टांगणीला लागलाय, तेवढं लक्षात असू दे.
तुझा धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रागावू नकोस, जरा उशीर झाला. हल्ली यंत्रावर बसले की पाठ धरते.

तू सांगितलंस ते सगळं केलं. लीद तपासायला दिली, जंत नाहीत. दोरी लावली. गाठीला गाठ बरोबर भिडते, बोटभरही फरक नाही. हिरडी मात्र चांगली नाही. गुलाबी कसली, पुष्कळदा धुतलेल्या कापडासारखी पांढरट. आणि गेल्या आठवड्यापासून सकाळी सकाळी ओकारी होते. काल तर घोटभर पाणीही पोटात ठरलं नाही. यावर काही घरगुती असेल तर सांग.

तू कंदिलाचं लिहिलंस, त्यावरून एक आठवलं. बाबा मला रागावले, पण नंतर घरात येऊन म्हणाले होते की हिचा हात हलला तरी कंदील हिने सोडला नाही. तुला ते ठाऊक नसेल, तू घोडीपाशीच झोपला होतास.

तुला काम आहे हे मला कळतं. घाई नाही.

तुझी वाट बघणारी,
ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, विनंती, विशेष सगळं आज बाजूला ठेवतो. या पत्राआधी माझी तार पोचली असेल. तिच्यात 'आजच माणसांच्या डॉक्टरकडे जा' एवढंच मावलं. बाकीचं इथे लिहितो.

घोड्याला ओकारी होत नाही. कधीच होत नाही. त्याच्या अन्ननळीचं तोंडच असं असतं की खाली गेलेलं वर येत नाही. पहिल्या वर्षी पहिल्यांदा हेच शिकवतात. म्हणून तर घोड्याचं पोट दुखलं की आमचं धाबं दणाणतं. मग सकाळी ओकतं कोण?

मी तुझी तिन्ही पत्रं समोर मांडली. झूल दोन्ही बाजूंनी आत घ्यावी लागली आणि दोरीच्या गाठी मात्र भिडतात, हे कसं? वाळलेल्या घोडीची छाती तेवढीच राहत नाही. तू काय वाटेल ते रचशील, पण माप खोटं सांगणं तुला या जन्मात जमायचं नाही. तेव्हा कुठे मला कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते. दातांचं दुखणं घोडीचं होतं. ते बरं झाल्यावर पुढचं सगळं तुझं आहे. तू आरशापुढे उभी राहून स्वतःची हिरडी दाबून बघितलीस ना?

मला तुझा राग आला आहे आणि स्वतःचा त्याहून जास्त. इथे रोज सकाळी मी रांगेने घोड्यांच्या हिरड्या बघत जातो आणि तुझा चेहरा मी चार वर्षांत पाहिलेला नाही. खरं काय ते लिही. मी वरिष्ठांना सांगून टाकलंय, हंगाम असो की नसो, माझी जागा भरा.

तुझा धाकटा


५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तार देणारा माणूस दारात उभा होता तेव्हा मला वाटलं तुलाच काही झालं. वाचल्यावर हसू आलं आणि मग रडूही. पकडलंस की रे.

डॉक्टरकडे गेले. पोटात गाठ आहे म्हणतात. फार पसरलेली वाटत नाही, पण उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन ठरलंय. परवा शेजारीण घेऊन जाईल. घोडीला दाणापाणी तिचा नवरा करील. तो गवत भिजवतो, पण निथळू देत नाही, त्याला दोनदा सांगून झालं.

असं का केलंस, हे तू विचारणार. आधी खरंच घोडीसाठी लिहिलं होतं. पण तीन पानं आली. माझ्यासाठी विचारलं असतं, तर 'डॉक्टरला दाखव, जपून राहा' एवढं आलं असतं आणि खाली सही. घोडीच्या नावाने विचारलं की तू किती मायेने लिहायचास! कोमट पाणी दे, कोंडू नकोस, रोज बघ. ते सगळं मी माझ्यावर करून घेत होते. मीही कोमट पाणी प्यायले, खिडकी उघडी ठेवली. वेडेपणाच आहे, पण फार दिवसांत कुणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

मला भीती वाटते. पहिल्यांदाच लिहिते हे. आणि पत्राच्या शेवटी मी नेहमी लिहिते ते वाक्य आज लिहीत नाही.

तुझी ताई


११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल इस्पितळात तू गुंगीत होतीस, म्हणून हे लिहून शेजारणीच्या हाती पाठवतो आहे. मी तासभर खाटेशी बसलो होतो. तू एकदा डोळे उघडून मला 'निथळू दे' म्हणालीस, ते काही आठवायचं नाही तुला. डॉक्टर म्हणाले की गाठ अख्खी निघाली. आता जेवण पोटात ठरलं आणि ताप आला नाही की पुढचं पुढे. पुढचं मला रोज बघायचं आहे.

संध्याकाळी घरी आलो. तुझंच खरं झालं, जायफळने मला ओळखलं. माझ्या खिशात नाक खुपसलं आणि खिसा रिकामा बघून पाठ फिरवली. गाठीला गाठ भिडते, हिरडी गुलाबी आहे, खुरांना वास नाही. शिंगरांच्या पागेतसुद्धा इतकी नीट ठेवलेली घोडी मी पाहिली नाही.

तिची झूल काढून बघितली. तिच्या शिवणीला तू हातही लावलेला नाहीस. आत घेतलेले सगळे कपडे मात्र यंत्राशेजारी घडी करून ठेवलेले सापडले. तुझेच सगळे, प्रत्येकाच्या दोन्ही कुशी आत, काहींच्या तर दोनदा. मी खिडकीशी बसलो आणि तुझी छोटी कात्री घेऊन त्या शिवणी उसवत राहिलो. मला शिवता येत नाही, पण उसवता येतं. आता सगळे कपडे तुझ्या जुन्या मापाचे आहेत.

येत्या रविवारी भेटायला येताना तुझी टेप आणतो. इस्पितळातले लोक काही सांगोत, तू स्वतः माप घेऊन मला सांगायचंस, माझा त्यावरच विश्वास आहे.

मी इथेच आहे. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना हाताखाली माणूस हवाय असं कळलं. सकाळपासून जायफळ अर्ध्या दारातून खिडकीकडे बघते आहे. तिथे मी बसलोय हे तिला पटत नाही. मी तिला समजावलं की येईल, घाई नाही.

पण ते तिला. तू घाई कर.

तुझा धाकटा