सानिका हो म्हणते

९ जुलै
प्रकरण ४ झालं. निलंग्याहून नांदेडला आलेली पोरगी, नवी शाळा, मैत्रीण मिळणं. पोरांचं पुस्तक म्हणजे शेवट गोड लागतो. मला गोड जमत न्हाई, तरी एका वहीत लिहून राहिले. वाचक एकच. ओवी, दादाची पोरगी, चौथीतली. दादाची बदली झाली म्हणून ती पण निलंग्याहूनच आलेली. महिना होत आला, मैत्रीण एक न्हाई.
"आत्या, मैत्रिणीचं नाव सानिका ठेव." सानिका हिच्या बेंचवर बसती. ठेवलं. काय बिघडतंय.

१४ जुलै
प्र. ५. वाढदिवस. बाकीच्या वर्गांत चॉकलेट द्यायला जाताना एक मैत्रीण सोबत न्यायची असती. पुस्तकातली सानिका लगेच उठते, डबा धरते. एका बैठकीत लिहिलं. ओवीनं तीनदा वाचलं.
हिचा वाढदिवस २२ला. वहिनी : "सोबत कोणाला नेणार गं?"
"सानिकाला."
"विचारलीस का?"
"ती हो म्हणते."
कुठं म्हणते ते मला माहीत होतं. माझ्या वहीत.

२२ जुलै
डबा अर्धा भरलेलाच परत. सानिका म्हणाली, "मी न्हाई येत, दुसरी बघ." सगळ्यांसमोर. बाईंनी विचारलं, कोण जातंय हिच्यासंगं? कोणीच न्हाई. एकटी गेली. पाचवी अ मधे सर म्हणाले, "मैत्रीण कुठाय बेटा?" पाचवी ब मधे पण तेच. तिथून माघारी.
दादा : "मला सांगायचं ना माय, मी आलो असतो डबा धरून."
हसली न्हाई.

२३ जुलै
सगळीकडं सानिका खोडून मीरा केलं. ओवीनं पाहिलं.
"का खोडलीस?"
"ती आली न्हाई ना तुझ्यासंगं."
"ती वेगळी, आत्या. ही आली होती."
परत लिहून घेतलं माझ्याकडून.

२९ जुलै
मधल्या सुट्टीत ओवी माझी गोष्टीची वही वाचत बसती म्हणे. आज एक पोरगी आपणहून जवळ आली. "काय वाचू राहिलीस?"
हिनं वही मिटली. "काही न्हाई."
गेली ती.
मी विचारलं, नाव काय तिचं?
"काय माहीत. आत्या, सानिका आता काय करती? प्र. ६ दे ना."
न्हाई लिहिलं तर रडती. लिहिलं तर
वहीवर एक चॉकलेट ठेवलंय. वाढदिवसाचं, सानिकाच्या वाटचं. विरघळून कागदाला चिकटलंय. ओवी दारात उभी. पेनाचं टोपण काढलंय मी.