आशिया नावाचा ग्रह खरंच आहे, बाबा

प्रिय बाबा,

आज मॅट्रिकच्या फॉर्मवर तुम्ही ठेवलेलं नाव लिहून आले. आशिया. तुम्ही असता तर धावत येऊन सांगितलं असतं. आता कागदावर सांगते.

तुमचं खरं होतं हो! तो ग्रह आहे.

मी जन्मले त्या आठवड्यात तुम्ही गिरगावच्या छापखान्यात आकाशावरच्या कुठल्याशा पुस्तकाच्या छापील पानांचे फर्मे शिवत होतात. शिवता शिवता वाचायची तुमची खोड! मंगळ आणि गुरूच्या मधे हजारो छोटे ग्रह फिरतात. त्यातला एक मद्रासच्या वेधशाळेतून एका इंग्रज साहेबाला दिसला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिलाच, म्हणून त्याने तेच नाव दिलं. तुम्ही घरी येऊन आईला म्हणालात, "गो, साहेबानं राणीचं नाव दिलं नाय, आपल्या भुईचं दिलं. पोरीचं तेच ठेवूया."

पण पाचवीतल्या बाई हसल्या. "आशिया? मग धाकटीचं आफ्रिका का?" वर्गात मी 'खंड' झाले. ग्रहाचं सांगितलं तर म्हणाल्या, "ग्रह नऊच. वडलांना म्हणावं, थापा मारू नका."

तेच शब्द मी घरी येऊन तुमच्या तोंडावर फेकले. तेही गॅलरीत, शेजारच्या काकूंसमोर! "पुस्तक दाखवा" म्हटलं, तर तुम्ही कुठून दाखवणार? तुमच्या हाती सुटे फर्मे यायचे, कव्हर दुसराच कुणी चढवायचा. पुस्तकाचं नावही तुम्हाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून तुम्ही शाळेत गेलात आणि माझं नाव आशा करून आलात. रागावला का नाहीत, बाबा? एक थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.

त्या दिवसांत लालबागेत संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे, लाठ्या, अश्रुधूर. ट्राम बंद म्हणून एकदा तुम्ही गिरगावहून चालत आलात. गरम पाण्यात पाय सोडून आईला म्हणालात, "माणसं मुंबईसाठी छातीवर गोळ्या घेतायत, नि माझ्याच्यानं पोरीचं एक नाव राखवलं नाय."

मी पडद्याआडून सगळं ऐकलं. दोन वर्षांनी तुम्ही छातीच्या दुखण्याने गेलात. माफी मागायची राहूनच गेली.

गेल्या आठवड्यात निबंधासाठी दादरच्या वाचनालयात जाडजूड इंग्रजी कोश उघडला. छोट्या ग्रहांच्या यादीत सदुसष्टावा आशिया. पुढे मद्रास. मी मोठ्याने ओरडलेच, "बाबा!"

ग्रंथपाल धावत आले. "काय झालं गं?"

"माझं नाव सापडलं."

"हरवलं होतं?"

"मीच टाकलं होतं," म्हटलं, आणि रडता रडता हसू आलं. किती वर्षांनी मोकळा श्वास घेतला, काय सांगू!

जुनं नाव परत लावायचा अर्ज मागितला, तर शाळेतले कारकून म्हणाले, "अगं, महाराष्ट्र मिळाला, आता तुला अख्खा आशिया हवाय?" पण हेडबाईंनी सही केली. आईने अर्जावर अंगठा उठवला.

तिला अजून वाटतं, मला हसवायला तुम्ही रचलेली गोष्ट होती ती. म्हणून रविवारी तिला वाचनालयात नेणार आहे. त्या ओळीवर तिचं बोट ठेवून एकेक शब्द वाचून दाखवीन. घाई करणार नाही, वचन देते.

तुमचीच,
आशिया