मिठागर, रिक्षा आणि धवला

रेवदंडा, १० डिसेंबर

चि. तेजस्वीस,
रंगूआत्याचा पोटभर आशीर्वाद. वि. वि. फोनवर तू मधे मधे बोलतेस, म्हणून लिहिते हाय. अक्षराला हसू नको, चौथीतच शाळा सुटली.

केसरच्या पोरीच्या हळदीला माझा धवला गाता गाता अडला. एवढी लग्नं गायले, कधी अडले न्हाय. दोष तुझा. दिवाळीत तूच विचारलंस, आत्या, नवीन ओळ सुचते कुठून? मांडवात तोंड उघडलं आणि तेच डोक्यात आलं. बघायला गेले कुठून येते, तर ओळच येईना. शेवटी मांडववाल्या दिपेशने स्पीकर लावला. शेजारची चंद्राबाई म्हणाली, रंगूची बॅटरी उतरली.

माघात तुझ्या लग्नाला धवला गायला दुसरी धवलारीण बघ. मी जेवायला येईन.

बापूबरोबर वाल पाठवलेत, मोड काढून खा. राग धरलास तरी माया सोडू नको.
तुझी आत्या

पुणे, १८ डिसेंबर

ती. रंगूआत्यास,
तेजस्वीचा सा. न. वि. वि. वाल पोचले, संपलेही.

चुकले मी. पण विचारलं ते माझ्यासाठी. मातीची भांडी घडवताना मीही अडते. मग एकमेकींशी काही संबंध नसलेल्या दोन वस्तू समोर ठेवते आणि बघत बसते. एकदा कांद्याचं साल आणि सायकलचं चाक ठेवलं, त्यातून वाडग्याची कड सापडली. तू करून बघशील?

दुसरी धवलारीण मिळेल गं. पण मांडवात आईचं नाव घेऊन तिला बोलावणार कोण? ती गेल्यापासून घरात तिचं नावच कुणी काढत नाही. तूच काढतेस.

तब्येत सांभाळ, आणि मला शिव्या घालायला तरी लिही.
तुझी तेजू

रेवदंडा, ५ जानेवारी

चि. तेजूस,
आशीर्वाद. वि. वि. तुझं खूळ करून बघितलं.

अलिबागला जायला रिक्षात बसले. रिक्षावाला सदू सीट भरल्याशिवाय हलेना. मी कटकट केली तर म्हणतो, मावशी, चालत जा, पोचल्यावर मला फोन करा. बसल्या बसल्या दुसरी वस्तू धरली, माझ्या बाबाचं मिठागर. बाबा पायाने तुडवून तुडवून आगराचा तळ घट्ट करायचा. मी विचारायचे, मीठ कुठाय? तो म्हणायचा, आधी तळ, मग पाणी, मीठ मागून आपलं आपण धरतं.

आता त्याचा रिक्षाशी काय संबंध? काय न्हाय. तरी घोळवलं. जुन्या ओळी मी परत परत गाते तो माझा तळ. आणि गाताना मी मांडवात बघत असते. मामी आली काय, काकी रुसली काय. एकेकाला नावाने ओळीत बसवते. सीट भरली की गाणं निघतं. केसरकडे मी माणसं बघितलीच न्हाय, स्वतःच्या डोक्यात डोकावत बसले. रिकामी रिक्षा कुठे जाणार?

काल चुलीपुढे तुझा मांडव डोळ्यासमोर आणला. बाप, काका, ती तोंडाळ चंद्राबाई, सगळे बसवले. गाणं हलेना. मग वैनीला, तुझ्या आईला बसवली. पदर सावरून, नेहमीसारखी कडेला. निघालं. चुलीवरचा भात करपला.

दुसरी धवलारीण बघू नको. आणि दिपेशला सांग, स्पीकर घरी ठेव.

हळदीला मला समोर दिसशील अशी बस.
तुझी रंगूआत्या